गल्लीतल्या किराणा दुकानातून पौष्टिक आणि परवडणारा किराणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील मध्यम उत्पन्नाच्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. अमळनेरला आमचे घर ज्या दुकानातून किराणा भरते, त्या दुकानाची पायरी मी वीस वर्षे चढतो आहे. तेवढ्या काळात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, नात्यातल्या नव्या सुनांनी आणि शिक्षणासाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, तेच येथे घेतले आहेत.

मोठ्या दुकानांपेक्षा किंवा मोबाइलवरून मागवण्यापेक्षा गल्लीतले दुकान खरोखर स्वस्त पडते का?

सगळ्याच वस्तूंत पडत नाही. साबण, धुण्याची पावडर, टूथपेस्ट, बिस्किटे या छापील किमतीच्या मालावर मोठ्या दुकानांत बऱ्याचदा जास्त सूट मिळते. मात्र धान्य, डाळी, दाणे, गूळ आणि अख्खे मसाले या सुट्या मालात गल्लीतले दुकान सहसा मागे राहत नाही, आणि पौष्टिक जेवण याच मालातून तयार होते. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळ व पिठावर 5 टक्के जीएसटी लागतो. दुकानदार पोत्यातून मोजून देतात त्या सुट्या मालावर तो लागत नाही. शिवाय जळगाव हे डाळ मिलांचे गाव असल्यामुळे आपल्याकडच्या दुकानातील डाळीला लांबचा प्रवास झालेला नसतो.

याहून मोठा फायदा मला प्रमाणाचा वाटतो. लवंग दहा रुपयांची, तीळ पाव किलो, भगर अर्धा किलो असे हवे तेवढेच घेता येते. घरात पडून राहून जाळी धरलेला माल हा सर्वांत महाग माल असतो, कारण त्याचे पैसे जातात आणि तो पोटातही जात नाही.

महिन्याची यादी करताना सुरुवात कोठून करावी?

डाळींपासून करावी. आपल्याकडे यादी बहुधा तेल, साखर आणि चहापत्तीपासून सुरू होते आणि डाळी उरलेल्या पैशांत बसवल्या जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाला 2000 कॅलरींची गरज असलेल्या माणसाच्या ताटासाठी सुमारे 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी किंवा कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे आणि 27 ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण सांगितले आहे. डाळींच्या या 85 ग्रॅममध्ये अंडी व मांस खाणाऱ्यांसाठी त्या पदार्थांचा वाटाही धरलेला आहे.

चार मोठ्या माणसांच्या घरासाठी हा हिशेब महिन्याला दहा किलोंच्या आसपास डाळी-कडधान्यांवर जातो. मी ज्या घरांच्या याद्या पाहिल्या आहेत, त्यांत हा आकडा तीन ते चार किलोंच्या पुढे क्वचितच जातो. तेल मात्र पाच-सहा लिटर असते, जे याच प्रमाणानुसार साडेतीन लिटरच्या आसपास असायला हवे. लहान मुले असतील तर आकडे कमी होतील, शेतात राबणारी माणसे असतील तर वाढतील. तरीही तेलाची एक-दोन लिटर घट करून तेच पैसे मूग, मटकी, उडीद आणि हरभऱ्याकडे वळवणे बहुतेक घरांना जमण्यासारखे आहे, आणि एकूण बिल त्याने फारसे वाढत नाही.

दादर, बाजरी की गहू? भाकरीसाठी नेमके काय घ्यावे?

तिन्ही घ्यावीत, ऋतूप्रमाणे प्रमाण बदलावे. दादर म्हणजे तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाच्या मुरलेल्या ओलीवर येणारी आपल्याकडची रब्बी ज्वारी. दुकानदारांना सांगून मूठभर दादर तळहातावर घ्यावी. चांगला दाणा टपोरा, पिवळसर पांढरा आणि तुकतुकीत असतो, दाताखाली कट्‌ असा आवाज करून फुटतो आणि त्याला कुबट वास येत नाही. काढणीच्या वेळी पावसात सापडलेली खरिपाची संकरित ज्वारी काळपट पडते. ती किलोमागे बरीच स्वस्त मिळते, परंतु तो काळपटपणा बुरशीचा असल्यामुळे माणसांच्या खाण्यासाठी ती घेऊ नये.

बाजरी हिवाळ्यात घ्यावी. 100 ग्रॅम बाजरीत सुमारे 6 मिलिग्रॅम लोह असते, ज्वारीत सुमारे 4, तर पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्यामुळे तिचे पीठ लवकर कडू होते, म्हणून एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतीच बाजरी गिरणीवर न्यावी. पाकिटातले बाजरीचे पीठ घ्यावेच लागले, तर दळल्याची तारीख पाहिल्याशिवाय घेऊ नये.

गहू घेताना तयार पिठाऐवजी अख्खा घेऊन दळून आणला, तर कोंडा आपल्या डब्यात राहतो. बट्टीसाठी जाडसर दळायला सांगावे आणि त्यात थोडा मका घालावा, हे खान्देशात सांगायला नको.

कळण्याचे प्रमाण काय असावे, आणि तो खरेच इतका पौष्टिक असतो का?

आमच्या घरी कळण्यासाठी, म्हणजे भाकरीच्या मिश्र पिठासाठी, चार किलो दादरला एक किलो अख्खा काळा उडीद आणि चवीपुरते जाडे मीठ असे एकत्र दळून आणतात. काही घरी उडीद याहून अधिक घालतात; भाकरी थापायला जमते तोवर वाढवायला हरकत नाही.

या भाकरीचे मोल मी आवर्जून सांगतो, कारण शहरात गेलेली आपली मुले तिला गरिबीचे खाणे समजू लागली आहेत. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि मेथिओनिन बऱ्यापैकी असते. उडदात नेमके याच्या उलट असते. दोन्ही एकत्र दळल्यावर एकाची उणीव दुसरे भरून काढते, आणि शरीराला ती प्रथिने जास्त चांगल्या रीतीने वापरता येतात. उडीद सालासकट दळला जात असल्यामुळे तंतूही मिळतात. अशा भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा आणि थोडे दही असले, तर ते पूर्ण जेवण होते, आणि त्याचा माणशी खर्च बिस्किटाच्या मोठ्या पुड्याहून कमी येतो.

चांगली तूरडाळ कशी ओळखावी?

डाळ हातात घेऊन तळव्यावर चोळून पाहावी. बोटांना तेलकटपणा लागला आणि डाळ आरशासारखी चमकत असली, तर ती चकाकी तिच्यावर चढवलेली आहे, असे समजावे. साधी, बिनपॉलिशची डाळ मंद पिवळी असते आणि तिच्या काही दाण्यांवर सालाचे तांबूस तुकडे राहिलेले असतात. ते तुकडे पाहून डाळ हलकी आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती डाळ कमी घासलेली असते, एवढाच त्याचा अर्थ. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि चवीला ती सरस आहे. तिचा भाव नेहमीच्या डाळीपेक्षा जास्त असेल, तर रोजच्या वरणासाठी साधी बिनपॉलिशची डाळ घेऊन सणावाराला नवापूरची आणावी.

तूर महागते त्या महिन्यांत वरणाचा हट्ट धरू नये. मुगाची डाळ, मसूर, चवळी, मठ (मटकी) हे सर्व दुकानात असते. तुरीत हरभऱ्याची डाळ मिसळून केलेले फुणके किंवा अख्ख्या उडदाचे घुटे ही आपल्याच स्वयंपाकघरातली उत्तरे आहेत.

बेसन पाकिटातले घ्यावे की डाळ दळून आणावी?

डाळ दळून आणावी. स्वस्त बेसनात इतर पिठांची भेसळ सहज लपते. हरभऱ्याच्या डाळीत ती लपत नाही.

शेव बंद करावी का?

खान्देशात हा प्रश्न विचारायलाच धीर लागतो, आणि माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र शेव ही भाजी आहे, असे समजून ती आठवड्यातून तीनदा रांधणे थांबवावे. शेवेत बेसन असले, तरी तळण्याचे तेल आणि मीठही भरपूर असते, आणि रश्शावर पुन्हा तर्री येते. महिन्याला एक किलो शेव आणणाऱ्या घराने पाव किलो आणावी आणि उरलेल्या दिवशी त्याच काळ्या मसाल्यात पातोड्या किंवा डुबुकवडे करावेत. हरभऱ्याची डाळ तीच, चव जवळपास तीच, तेल बरेच कमी.

एक गोष्ट दुकानदारांना प्रेमाने सांगण्यासारखी आहे : शेव, भजी किंवा फरसाण वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देऊ नये. छपाईची शाई तेलात उतरते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही असे बांधून देऊ नये, असे बजावलेले आहे. आपण घरून डबा नेला, तर प्रश्नच मिटतो.

तेल कोणते घ्यावे, आणि पिशवी घेताना काय पाहावे?

शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, करडई यांपैकी जे परवडते ते घ्यावे, आणि शक्य असेल तर दोन-तीन महिन्यांनी बदलावे. कोणते तेल घेतले यापेक्षा किती घेतले, हा प्रश्न प्रकृतीच्या दृष्टीने मोठा आहे. घाण्याच्या तेलाची चव उत्तम असते, परंतु त्याचा भाव पाहता ते मोजून वापरणाऱ्यालाच परवडते. पिंपातून काढून दिलेले, शिक्का नसलेले सुटे तेल मात्र घेऊ नये. त्यात काय मिसळले आहे, हे नजरेला कळत नाही.

पिशवी उचलताना तिच्यावरचे वजन वाचावे. एक लिटर तेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते. हल्ली एक लिटरच्या पिशवीसारख्याच दिसणाऱ्या, पण 800 किंवा 850 ग्रॅमच्या पिशव्याही शेजारी लटकत असतात, आणि त्या दहा-पंधरा रुपयांनी स्वस्त दिसल्यामुळे हातात पटकन येतात. पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरांत प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो, प्रतिलिटर किंमत छापलेली असते. दोन पिशव्यांची तुलना त्या आकड्यावरून करावी.

साखरेऐवजी गूळ घेतला तर चालेल का? आणि मिठाचे काय?

गूळ चवीसाठी जरूर घ्यावा, मात्र औषध म्हणून घेऊ नये. आमच्याकडची म्हातारी माणसे अजून दुकानात ‘गूय’ मागतात, आणि त्या शब्दाबरोबर गुळाविषयी एक ओढही असते. परंतु गुळातही मुख्यतः साखरच असते. ज्यांना मधुमेह आहे त्यांना गुळाने वेगळी सवलत मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवता आली, तर उत्तम. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन किलो एवढा तो हिशेब होतो, आणि त्यात बिस्किटे, शीतपेये व मिठाईतील साखरही धरायची असते. चहाचा कप लहान करणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय मी पाहिला आहे.

मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे. माणशी दिवसाला 5 ग्रॅम मीठ पुरेसे असते, म्हणजे चार माणसांना महिन्याला साधारण 600 ग्रॅम, आणि त्यात पापड, लोणचे, शेव यांतले मीठही आले. घरात एक किलोचा पुडा महिन्याच्या आत संपत असेल, तर ते कोठे जाते, हे पाहिले पाहिजे.

तिखट, हळद आणि दाणे घेताना कोणती काळजी घ्यावी?

तिखट पाकिटातले घेण्यापेक्षा अख्खी मिरची घेऊन कांडून आणणे केव्हाही चांगले, आणि नंदुरबारसारखा मिरचीचा बाजार शेजारी असताना तर पाकिटाचे कारणच उरत नाही. हिवाळ्यात नंदुरबारच्या आजूबाजूला मिरचीच्या लाल पथाऱ्या पसरलेल्या असतात. त्या सुमारास घेतलेली मिरची ताजी असते. मिरची हातात घेऊन हलवावी. बियांचा खुळखुळ आवाज आला, तर ती नीट वाळलेली आहे. वाकवल्यावर रबरासारखी मऊ लागली, तर तिच्यात ओल आहे आणि पुढे बुरशी धरणार. देठाजवळ पांढुरकी किंवा काळी बुरशी दिसली, तर ती भावात कितीही कमी केली, तरी घेऊ नये. तयार तिखट घेतलेच, तर पाण्याच्या पेल्यावर चिमूटभर टाकावे. लाल रंगाच्या रेघा लगेच खाली उतरू लागल्या, तर त्यात रंग मिसळलेला असण्याचा संशय घ्यावा.

हळकुंडे आणून दळावीत. एका वर्षाला अर्धा-पाऊण किलो पुरते.

दाण्यांबाबत मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण आपल्याकडे दाण्याचा कूट जवळपास प्रत्येक भाजीत पडतो. सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे स्वस्त मिळतात आणि भाजून कुटल्यावर ते ओळखूही येत नाहीत. अशा दाण्यांवरील एका बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून दाणे ताटात पसरून निवडावेत, खवट किंवा कडू लागलेला दाणा तोंडातून काढून टाकावा आणि तो घास लहान मुलांना तर कधीच देऊ नये.

भाजी दुकानातून घ्यावी की आठवडे बाजारातून?

भाजी आठवडे बाजारातूनच घ्यावी, आणि दुकानातून तिचा आधार म्हणजे डाळी, दाणे, मसाला घ्यावा. पोकळा, मेथी, अंबाडी, गिलके, गंगाफळ या भाज्या त्यांच्या हंगामात अगदी स्वस्त असतात. हिवाळ्यात यावल तालुक्यातील बामणोदकडची भरिताची हिरवी-पांढरी मोठी वांगी येतात, तेव्हा भरीत करावे. भाजलेल्या वांग्याला तेल किती घालायचे, हे आपल्या हातात असते. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. रावेर-यावलच्या केळ्यांच्या प्रदेशात राहून मुलांच्या डब्यात क्रीमची बिस्किटे जावीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. दोन केळी त्याच पैशांत येतात.

वर्षाचे धान्य एकदम भरणे परवडते का?

ज्यांच्याकडे एकरकमी पैसे आणि कोरडी जागा आहे, त्यांना परवडते. दादर आणि गहू मार्च-एप्रिलमध्ये, तूरडाळ जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, मूग-उडीद दसऱ्याच्या आसपास नव्याने बाजारात येतात, आणि आवक वाढली की भाव सहसा उतरतो. मात्र या खरेदीसाठी व्याजाने पैसे काढू नयेत. भावात वाचते ते व्याजात जाते.

भरण्याआधी वाळवणे ही खरी कसोटी असते. एका वर्षी वैशाखात भाव चांगला मिळाला म्हणून मी वीस किलो तूरडाळ घेतली आणि घाईत ऊन न दाखवता कोठीत ओतली. श्रावणात झाकण उघडले, तेव्हा डाळीवर बारीक पीठ सांडल्यासारखे दिसले आणि हात घातल्यावर बोटांवर किडे चढले. निम्मी डाळ टाकावी लागली. तेव्हापासून दोन-तीन कडक उन्हे दाखवून, माल पूर्ण थंड झाल्यावरच आम्ही कोठी भरतो, डाळीला एरंडेलाचा हात लावतो आणि धान्याच्या थरांत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालतो. पाऱ्याच्या टिकड्या आणि बोरिक पावडर मात्र धान्यात घालू नये. त्या दोन्हींचा अंश पोटात जाणे धोक्याचे आहे.

रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात. तो प्लास्टिकचा तांदूळ असतो का?

नाही. ते लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्व घालून तांदळाच्याच पिठापासून बनवलेले दाणे असतात आणि साधारण शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळलेले असतात. काही घरांत ते निवडून फेकले जातात, आणि नेमका उपयोगाचा भाग वाया जातो. थॅलेसेमियासारखा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून असा तांदूळ खावा.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. ज्यांना हे धान्य मिळते त्यांनी किराणा दुकानात तांदूळ-गव्हावरचे वाचलेले पैसे डाळी, दाणे आणि अंड्यांकडे वळवावेत.

पाकिटावरचे लेबल वाचायला वेळ नसतो. एकच गोष्ट पाहायची, तर कोणती पाहावी?

घटकांच्या यादीतले पहिले तीन शब्द पाहावेत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे ‘नाचणी बिस्किट’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पुड्यावर पहिला घटक मैदा आणि दुसरा साखर असेल, तर त्यातली नाचणी नावापुरती आहे, हे दुकानात उभ्या उभ्या कळते.

उधारीच्या वहीवर किराणा घेणे योग्य आहे का?

शेतीवर चालणाऱ्या घराचा पैसा कापूस किंवा केळी विकल्यावर येतो, त्यामुळे वही टाळा, असे मी सांगणार नाही. या वहीमुळे अनेक घरांच्या चुली अडचणीच्या काळात पेटत्या राहिल्या आहेत. मात्र प्रत्येक वेळी वस्तू, वजन आणि भाव असे तिन्ही लिहून घ्यावे, आणि तशीच नोंद आपल्या वहीतही करावी. उधारीवर धान्य, डाळ, तेल, मीठ घ्यावे. शीतपेये, कुरकुरीत पुडे आणि फरसाण रोखीनेच घ्यावे. एवढा एक नियम पाळल्यावर आमच्या शेजारच्या घरातील या वस्तूंची खरेदी आपोआप घटली.

उधारी आहे म्हणून मालाविषयी बोलायचे नाही, असा संकोच मात्र बाळगू नये. ‘भाऊ, मागली दाय काही बरी नव्हती’ असे शांतपणे सांगितले, तर चांगले दुकानदार ती बदलून देतात.

वजन कमी वाटले किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले, तर काय करावे?

आधी दुकानातच विचारावे. भांड्याचे किंवा पिशवीचे वजन मालात धरले गेले का, हे पाहावे. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाच्या पडताळणीचा शिक्का असतो, तो पाहण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. एमआरपीपेक्षा अधिक रक्कम कोणालाही घेता येत नाही, मग ती थंड करण्याच्या नावाखाली असो किंवा सुटे पैसे नसल्याच्या. दुकानात उलगडा झाला नाही, तर बिल जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. खाद्यपदार्थ खराब निघाला, तर पाकीट फेकू नये. त्यावरचा 14 आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक तक्रारीसाठी लागतो.